पार्श्वभूमी : नागरिकाची माहिती आणि सरकारची माहिती एकाच वर्गात कशी आली

अमेरिकेत हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या, म्हणजे आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर गोळा करण्या-वापरण्याच्या शास्त्राच्या, मास्टर्सला ‘कन्झ्युमर अँड पब्लिक हेल्थ इन्फॉर्मेटिक्स’ असा जोड-विषय शिकवला जातो, म्हणजे सामान्य माणसाने स्वतःसाठी वापरायची आणि सरकारने सार्वजनिक आरोग्यासाठी वापरायची माहिती, दोन्ही एकत्र. हॉस्पिटलमधल्या केसपेपरचा आणि बिलिंगचा कॉम्प्युटर इतर विषयांत येतो, मग उरलंसुरलं या पेपरात टाकलं असावं, असं विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हमखास वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. सरकारने लोकांच्या आजारपणाची मोजदाद करणं ही एक वाट, आणि लोकांनी आपल्या आजाराबद्दल स्वतः विचारपूस करणं ही दुसरी. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि त्या कुठे भेटल्या हे कळल्याशिवाय हा विषय शिकवताच येत नाही.

पहिली वाट जुनी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ साली जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली. नोंदणी कार्यालयात विल्यम फार (Farr) हा आकडेवारीचा जाणकार आला आणि त्याने मृत्यूच्या कारणांची वर्गवारी बसवली, दर आठवड्याचे आकडे छापले जाऊ लागले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला तेव्हा जॉन स्नो हा डॉक्टर याच कार्यालयात गेला आणि परवानगी घेऊन मृतांची यादी उतरवून आणली. २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात त्या भागात ८९ मृत्यू नोंदलेले होते, त्यांतले ८३ शेवटच्या तीन दिवसांतले. यादीतले पत्ते घेऊन तो फिरला, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवतीचे निघाले, म्हणजे दोष पाण्यात होता. हे मृत्यू दाखवणारा स्नोचा नकाशा सगळे दाखवतात. मी वर्गात त्याआधी फारची वही समजावून सांगावी या मताची आहे. कॉलरा दूषित हवेने पसरतो असंच विल्यम फार तेव्हा मानत होता. तरीही त्याची नोंद इतकी चोख होती की त्याच्या मताविरुद्धचा पुरावा तिच्यातूनच निघाला. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा फारने स्वतःच पाणी पुरवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवलं.

या वाटेवर नागरिकाने माहिती द्यायची, एवढंच. ती बळजबरीने घ्यायला गेलं की काय होतं हे पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये पाहिलं. रोगी शोधायला सोल्जरांची पथकं घरात शिरू लागली आणि लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. ज्या नोंदीची भीती वाटते ती नोंद खरी राहत नाही. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे उदाहरण वर्गात जरूर मांडावं.

दुसरी वाट मात्र कालपरवाची. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात फॅमिली मेडिसिन विभागातल्या टॉम ग्रंडनर यांनी १९८४ मध्ये एका कॉम्प्युटरला टेलिफोनची एक लाइन आणि मोडेम, म्हणजे फोनवरून दोन कॉम्प्युटर जोडणारं यंत्र, जोडलं. नाव ठेवलं ‘सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल’. घरी मोडेम असलेल्या कुणीही फोन लावून प्रश्न टाइप करून ठेवायचा आणि डॉक्टरने त्याचं उत्तर तिथेच लिहायचं. ना अपॉइंटमेंट, ना फी. लोकांनी ही सोय उचलून धरली आणि त्यातूनच १९८६ मध्ये ‘क्लीव्हलंड फ्री-नेट’ हे शहरभराचं मोफत जाळं उभं राहिलं. त्याच विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक पॅट्रिशिया ब्रेनन यांनी ‘कॉम्प्युटरलिंक’ हा प्रयोग केला. अल्झायमर झालेल्यांची घरी सेवा करणारे आणि एड्सचे रुग्ण यांच्या घरी टर्मिनल, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेले पडदा आणि कीबोर्ड, बसवली. त्यावर माहिती होती, नर्सला विचारायची सोय होती आणि आपल्यासारख्याच इतरांशी बोलता येत होतं. चोवीस तास रुग्णापाशी अडकलेल्या माणसाला मध्यरात्री कुणाशी तरी बोलता येणं हा उपचाराचाच भाग आहे, हे या प्रयोगाने गंभीरपणे घेतलं. याच ब्रेननबाई २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संचालक झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या नर्स.

त्या लायब्ररीनेही मधल्या काळात दार उघडलं होतं. जून १९९७ मध्ये पबमेड या तिच्या वेबसाइटवरून वैद्यकीय संशोधनाची सूची सर्वांना फुकट खुली झाली. शोध घेणाऱ्यांत डॉक्टर नसलेली माणसंही भरपूर निघाली, म्हणून १९९८ मध्ये सामान्य लोकांसाठी सोप्या भाषेतलं ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ आलं. सरकारी बाजूला १९९० च्या दशकात ‘पब्लिक हेल्थ इन्फॉर्मेटिक्स’ हे नाव रुळलं. अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवून झालेल्या हल्ल्यांनंतर साथींवर लवकर नजर ठेवणाऱ्या यंत्रणांना पैसाही मिळाला.

दोन्ही वाटा भेटल्या त्या २००८ मध्ये, ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’मध्ये. ताप आलेला माणूस गूगलवर काहीतरी शोधतो, तो स्वतःसाठी. तोच शोध गोळा करून गूगलने साथीचा अंदाज बांधला. पाच कोटी शोधशब्दांतून ४५ निवडले, आणि सरकारी आकडे यायला एक-दोन आठवडे लागत तिथे हा अंदाज दुसऱ्या दिवशी मिळे. २०१२-१३ च्या हंगामात मात्र तो प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. २०१५ मध्ये सेवा बंद झाली. फ्लूबद्दल शोधणारा प्रत्येक जण फ्लूने आजारी नसतो, आणि बातम्या वाढल्या की शोधही वाढतात. शोधणाऱ्याला आपण मोजले जातोय याची कल्पनाही नव्हती, ही गोष्ट मला अंदाज चुकण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कोविनचं, म्हणजे कोविड लसीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलचं. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. सरकारसाठी ती मोजणीची यंत्रणा, नागरिकासाठी लसीचा दरवाजा, दोन्ही एकाच ॲपवर. चांगला फोन आणि चपळ बोटं असलेली शहरातली मंडळी खेड्यातल्या केंद्रांचे स्लॉट पकडून गाडीने जाऊ लागली आणि त्याच गावातला शेतमजूर बाहेर राहिला. हा डिजिटल भेद सर्वोच्च न्यायालयानेही सरकारपुढे मांडला. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला परवानगी मिळाली. पोर्टल मराठीत दिसू लागलं ते जूनमध्ये, लसीकरण सुरू होऊन साडेचार महिने उलटल्यावर.