खड्डा बुजला, पण दिसला कुणाला?

रस्त्यावरच्या खड्ड्याला पक्ष नसतो. तरी तो बुजला की श्रेय कुणाचं यावर वाद, आणि नाही बुजला तर मुद्दाम कुणी ठेवला यावर वाद. समाज दुभंगला की नगरपालिकेचं साधं कामही ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ होऊन बसतं. मग लोकांचा विश्वास बसावा तरी कशावर?

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये रहिवासी मोबाइल ॲपवरून तक्रारी नोंदवत: खड्डा, बंद पडलेला पथदिवा, रंगवून विद्रूप केलेली भिंत. काही जणांना महापालिकेने तक्रारीवर केलेल्या कामाचा फोटोही मिळे. हार्वर्डचे रायन ब्युएल आणि सहकाऱ्यांनी या नोंदी तपासल्या. फोटो मिळालेल्यांनी पुढच्या काळात जास्त तक्रारी केल्या, त्याही अधिक प्रकारच्या. तक्रारी वाढल्या म्हणजे कारभार बिघडला, असं एखाद्या साहेबाला वाटेल. मला उलट वाटतं. ज्याच्याकडून काही होणार नाही याची खात्री असते, त्याच्या दारात माणूस जातोच कशाला?

दुसरा दाखला १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा, मानसशास्त्रज्ञ ॲलन लिंड आणि सहकाऱ्यांचा. सहभागींनी किती काम करायचं ते वरून ठरवलं जाई. काहींचं मत आधी विचारलं, काहींचं निर्णय झाल्यावर, काहींचं विचारलंच नाही. आधी विचारलेल्यांना हे सर्वांत न्याय्य वाटलं, यात नवल नाही. पण निर्णय होऊन गेल्यावर, म्हणजे काहीच बदलणार नसताना ज्यांना बोलू दिलं, त्यांनाही न विचारलेल्यांपेक्षा तो व्यवहार रास्त वाटला. (हे वाचून कुणी नुसती जनसुनावणी उरकायचा बेत करत असेल तर जपून: प्रयोगातली माणसं घरी जातात, गावातली पुढच्या सभेला पुन्हा समोर बसतात.)

पूर्व बेल्जियममधल्या जर्मनभाषक समुदायाने २०१९पासून लोकांचं ऐकून सोडून दिलं जाऊ नये याची पक्की सोय केली आहे. चिठ्ठ्या काढून निवडलेले नागरिक एकत्र बसतात. शेजारी कोण येईल हे पक्ष ठरवत नाही. विषय ठरवायला २४ नागरिकांची कायमची परिषद आहे. चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकांच्या शिफारशींवर तिथल्या संसदेला चर्चा करावीच लागते, आणि एखादी फेटाळायची तर कारण द्यावं लागतं. पुढे काय झालं याचा पाठपुरावा तीच परिषद करते.