जलविद्युत धरणे आणि नदीतील अपृष्ठवंशी प्राणी (मराठवाडा)

धरणामुळे प्रवाह, तापमान व गाळ यांत पडणाऱ्या फरकाचा नदीतील कीटक-अळ्या, शिंपले, गोगलगाई, खेकडे व कृमी यांच्यावर होणारा परिणाम. मराठवाड्यात पूर्णेवरील येलदरी (१९६८, २२.५ मेगावॉट) आणि गोदावरीवरील पैठणचे जायकवाडी (१२ मेगावॉट) ही या संदर्भातील प्रमुख धरणे. जायकवाडीचे काम १९६५ मध्ये सुरू झाले. पूर्णत्वाचे वर्ष सामान्यतः १९७६ मानतात. दोन्ही धरणे मूलतः सिंचनाची, वीज ही जोड.

उगमापासून मुखापर्यंत प्राणिसमूह क्रमाने बदलत जातात, ही कल्पना व्हॅनोट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. धरण हा क्रम खंडित करते, असे वॉर्ड व स्टॅनफर्ड यांचे प्रतिपादन (१९८३). त्याच्या मुख्य कारणाविषयी मतभेद आहेत. लेमकूल यांनी (१९७२) कॅनडातील सस्कॅचवान नदीच्या अभ्यासावरून तापमानाला महत्त्व दिले : खोल जलाशयाच्या तळातून सुटणारे पाणी उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात कोमट असल्याने मेफ्लाय या जलकीटकाची अंडी व पिल्ले यांची वाढ बिघडते. कोलोरॅडो नदीवरील २०१६ च्या संशोधनात भर आहे तो विजेच्या मागणीनुसार रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या पातळीवर. काठच्या दगडांना चिकटलेली अंडी त्यामुळे उघडी पडून सुकतात.

पहिले मत जायकवाडीला जसेच्या तसे लावणे कठीण. सुमारे ३५० चौ. किमी. पसरलेल्या नाथसागराची (जायकवाडीच्या जलाशयाची) सरासरी खोली ८ मी.च्या आसपास भरते. वाऱ्याने ढवळणाऱ्या अशा पाण्यात थंड थर टिकणे अवघड. येलदरी त्यामानाने खोल आहे. मात्र तेथील वीजगृहातून सुटलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडते, तर पैठणचे वीजगृह उदंचन पद्धतीचे (सोडलेले पाणी पुन्हा जलाशयात उपसणारे) आहे. म्हणून दुसरे मतही मर्यादितच लागू पडते. प्रवाहच आटणे हे येथे अधिक संभाव्य कारण दिसते. जायकवाडीचे पाणी डाव्या (२०८ किमी.) व उजव्या (१३२ किमी.) कालव्याने शेतात जाते, आवर्तन चालू असतानाही पात्र कोरडे राहू शकते. खळाळ नाहीसे झाले की वाहत्या पाण्यात जाळे विणणाऱ्या कॅडिस माशीच्या अळ्या मागे पडतात. उरलेल्या डोहांत कमी ऑक्सिजनवर निभावणाऱ्या तांबड्या कायरोनोमिड (डासासारख्या माश्यांच्या) अळ्या व ट्युबिफेक्स कृमी माजतात. अर्थात, धरणाच्या माथी येणारा काही दोष वाळूउपशाचाही असावा.

गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांवर किंवा परांवर वाढतात. मासे अडले की शिंपल्यांचा प्रसारही अडतो. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तेवढ्या अवधीत ही वाट मोकळी असते.