पत्र्याच्या खोलीला सोलर फॅन: आधी हवेची वाट, मग पॅनेल

सांगली-तासगाव पट्ट्यात रानातली खोली म्हटलं की विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा, मे महिन्यात दुपारी दोनला आत पाऊल टाकवत नाही. खताची पोती, अवजारं, कामाला आलेली माणसं सगळं त्याच खोलीत, आणि रानातली लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळे साधा पंखा असून नसल्यासारखाच. (फवारणीच्या औषधाचे डबे तिथंच असतील तर फॅन लावला तरी त्या खोलीत कुणी झोपू नका, हे आधीच सांगतो.) अशा ठिकाणी सोलरवरचा छोटा एक्झॉस्ट फॅन फार कामाचा आहे, आणि कधी वायर न जोडलेल्या माणसालाही तो बनवता येतो. खोली तापते तेव्हाच पॅनेलला ऊन मिळतं, म्हणून बॅटरीची गरजच नाही.

पण बहुतेक जण सगळा विचार पॅनेलचा करतात आणि हवेचा करतच नाहीत. फॅन हवा गार करत नाही, तो फक्त आतली तापलेली हवा बाहेर टाकतो, आणि जेवढी बाहेर जाईल तेवढीच कुठून तरी आत यायला लागते. दार बंद, खिडकी बंद, आणि वर फॅन गरगरतोय, तर तो नुसता फिरतो, हवा हलत नाही. गरम हवा हलकी असते, पत्र्याखाली जाऊन साचते, म्हणून फॅन भिंतीत शक्य तितका वर बसवायचा, आणि आत येणारी हवा समोरच्या भिंतीतून, खालून, सावलीच्या बाजूने घ्यायची. खालचा झरोका फॅनच्या भोकाच्या निदान दुप्पट मोठा ठेवा, कारण उंदीर-सापासाठी जाळी लावणारच आणि जाळी वाट अडवते. फॅनच्या अगदी शेजारी पत्रा आणि भिंतीत फट असेल तर ती सिमेंटने बुजवा, नाहीतर फॅन त्या फटीतूनच बाहेरची हवा ओढून परत बाहेर टाकत बसतो आणि खोली आहे तशीच. तासगावकडची बेदाणा शेड आठवा, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, वारा आरपार जातो म्हणून द्राक्षं सावलीत वाळतात.

आता एवढासा फॅन करतो किती ते बघू. कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा फॅन साधारण ३ वॅट खातो आणि मोकळ्यात मिनिटाला ६० घनफुटाच्या आसपास हवा ढकलतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे ९०० घनफूट, म्हणजे कागदावर १५ मिनिटांत सगळी हवा बदलली, जाळी आणि वळणं धरली तर अर्धा तास धरा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर हा ३ वॅटचा फॅन दीडशे ते तीनशे वॅट उष्णता बाहेर नेतो, हे मला अजूनही भारी वाटतं. पण त्याच खोलीच्या पत्र्यावर भर दुपारी ९ किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं, त्यातलं बरंचसं बाहेरच्या बाहेर जात असलं तरी उरलेलं एका फॅनला आवरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी पत्र्याला पांढरा चुना मारा म्हणजे ऊन वरच्या वर परत जाईल, मग फॅन लावा, आणि जमलं तर दोन लावा.

सामान फार नाही. १० वॅटचं '१२ व्होल्ट'चं पॅनेल, फॅन, एक स्टेपडाऊन मॉड्यूल (जास्त व्होल्ट कमी करून देणारी छोटी पट्टी), वायर आणि व्होल्ट मोजायला एक साधा मल्टिमीटर. पॅनेलवर १२ लिहिलेलं असलं तरी ते उन्हात धरून मीटर लावा, २० ते २२ व्होल्ट दिसतील, कारण आत ३६ छोटे सोलर सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि पॅनेलला काही जोडलेलं नसताना प्रत्येक सेल ०.६ व्होल्टच्या आसपास देतो. हे थेट फॅनला दिलं तर काही दिवस तो जोरात पळतो आणि मग जळतो. मध्ये स्टेपडाऊन मॉड्यूल टाकायचं, पॅनेल इनपुटला जोडायचं, आउटपुटवर मीटर धरायचा आणि मॉड्यूलवरचा बारका पितळी स्क्रू फिरवत १२ वर आणायचं, फॅन त्यानंतरच जोडायचा. तो स्क्रू बरीच वळणं फिरवला तरी सुरुवातीला काही बदलत नाही, धीर धरा. इनपुटचं प्लस-मायनस उलटं झालं तर मॉड्यूल क्षणात जातं, तेवढं दोनदा बघा. फॅनची दिशाही बघा, ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने बहुतेक फॅन हवा फेकतात, ती बाजू बाहेर. बाहेरून पत्र्याचा तुकडा वाकवून टोपी करा, हा फॅन पावसात भिजायला बनवलेला नसतो.

सगळं झालं की उदबत्ती पेटवून खालच्या झरोक्यापाशी धरा. धूर सरळ वर न जाता आत खोलीकडे वाकला म्हणजे हवा येतेय. मग दाराची फट, पत्र्याची कड, फॅनचा कोपरा असं फिरवत जा, धूर जिथं वेडावाकडा होतो तिथं गळती आहे, दहा मिनिटांत खोलीचा सगळा नकाशा कळतो.

पॅनेलच्या कलाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. वर्षभराच्या विजेसाठी पॅनेल दक्षिणेकडे अक्षांशाइतकं, आपल्याकडे १७ अंशांच्या आसपास, कललेलं ठेवतात. पण आपल्याला वीज हवी उन्हाळ्यात, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सांगलीच्या बरोबर डोक्यावर असतो, नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो मध्यान्हाला थोडा उत्तरेकडेच. मग पॅनेल जवळजवळ सपाट ठेवलेलं बरं, आणि खोली दोन-तीननंतर जास्त तापते म्हणून थोडा कल पश्चिमेकडे, तेवढ्याने धूळही पावसात वाहून जाते. पाचट पेटवल्यावर उडणारी काळी राख बसली तर सकाळी लवकर साध्या पाण्याने पुसा. झाडाच्या एका फांदीची सावली एका सेलवर पडली तरी सगळ्या ओळीतला करंट पडतो. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र चढू नका, पाय पडला की फुटतो, पॅनेल भिंतीच्या अँगलवरच लावा.

साताऱ्यात पाटण-महाबळेश्वरकडे अडचण उन्हाची कमी आणि पावसाळ्यातल्या ओलीची, बुरशीची जास्त. दाट ढगात १० वॅटचं पॅनेल एक-दोन वॅटवर येतं आणि फॅन अडखळत बसतो, तिथं मोठं पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लागतील. सांगलीकडे संध्याकाळी फॅन थांबला तरी भिंती अजून तापलेल्या असतात, पण बाहेरची हवा उतरायला लागलेली असते, तेव्हा दार उघडं टाका, वर एखादा झरोका असेल तर तोही उघडा, खालून गार हवा शिरते आणि गरम हवा आपोआप वरून निघून जाते.