एमसीबीच्या डब्यावर नाव कुणाचं लिहायचं?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांच्या वर गेला की घरोघरी कूलर रात्रभर चालतात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि पंपाची सोललेली वायर. धक्का बसायला एवढं पुरतं. कुणी कूलरला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी वीज बंद करायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण धावत जाऊन एमसीबीचा, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा, डबा उघडला की समोर एकसारखे आठ-दहा खटके दिसतात. त्यातला कूलरचा कोणता?

शरीरातून साधारण 10 मिलीअँपिअर प्रवाह गेला तरी हाताचे स्नायू असे आखडतात की पकड सुटत नाही. 30 मिलीअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो, आणि प्रवाह जितका वेळ वाहील तितका तो वाढत जातो. म्हणून अशा वेळी खटके शोधत न बसता सरळ मेन स्विच पाडावा. मात्र अनेक डब्यांवर मेन कोणता, हेसुद्धा लिहिलेलं नसतं.

शिवाय आपल्याकडे भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणला. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली. तो लगेच बॅटरीवरून वीज द्यायला लागतो. मेन बंद केला म्हणून निर्धास्तपणे पंख्याच्या वायरला हात घालणाऱ्या वायरमनला तिथे 230 व्होल्ट भेटतात. छतावरच्या सोलरचंही तसंच. महावितरणचा पुरवठा गेला की सोलरची वीज महावितरणच्या लाइनला जोडणारा साधा ग्रिड इन्व्हर्टर थांबतो, पण ऊन आहे तोवर सोलर पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरा जिवंतच असतात. ‘या डब्यात दोन ठिकाणांहून वीज येते’ ही ओळ मला बाकी सगळ्या लेबलांपेक्षा महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच क्वचित दिसते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार 250 व्होल्टच्या वरच्या यंत्रणेवर कवटी-हाडांच्या चिन्हाची धोक्याची पाटी कायमची लावावी लागते. ती हिंदी किंवा इंग्रजीत, आणि सोबत जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत हवी. म्हणजे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये ती मराठीतही हवीच. तिथे परप्रांतातून आलेले कामगारही विजेच्या पॅनलजवळ (खटक्यांच्या मोठ्या कपाटाजवळ) वावरतात, हे लक्षात घेतलं तर दोन भाषांचं कारण कळतं. पॅनलसमोर किमान 1 मीटर जागा मोकळी ठेवायची, असंही नियम सांगतो. मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल तर तिथली जागा 20 सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा 75 सेंटीमीटरपेक्षा जास्त हवी: माणूस एक तर आत शिरूच नये, नाहीतर त्याला नीट उभं राहता यावं. डाळ मिलमध्ये पॅनलला टेकून पोत्यांची थप्पी लागली की हा सगळा विचार वाया जातो.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत मात्र एक फार शहाणी अट आहे. प्रत्येक सर्किटवर त्याचं नेमकं काम लिहायचं, पण आज तिथे कोण राहतं यावर अवलंबून असलेलं वर्णन चालत नाही. ‘राहुलची खोली’ चालणार नाही, ‘पहिला मजला, जिन्याजवळची खोली’ चालेल. लातूरमध्ये क्लाससाठी आलेल्या मुलांची वसतिगृहं आठवा. दरवर्षी मुलं बदलतात, कधी मालकही बदलतो. डबा उघडण्याची वेळ येते ती बहुधा त्या घराची काहीच माहिती नसलेल्या माणसावर, मग तो नवा वायरमन असो, शेजारी असो की अग्निशमन दलाचा जवान. लेबल त्याच्यासाठी असतं.

खटक्यावर कंपनीने छापलेलंही थोडं वाचता यायला हवं. ‘सी 16’ म्हणजे 16 अँपिअरचा एमसीबी. प्रवाह त्याच्या पाच ते दहा पट झाला की तो क्षणात पडतो. 16 च्या वर पण त्याहून कमी प्रवाहाला मात्र आतली पट्टी तापून वाकेपर्यंत वेळ लागतो. उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे हा खटका वारंवार पडू लागला की काही जण तिथे 32 चा बसवून घेतात. खटका पडायचा थांबतो, पण भिंतीतली वायर तीच राहते आणि आता ती तापली तरी अडवणारं कुणी नसतं. म्हणून लेबलवर वायरची जाडीही लिहावी: ‘2.5 चौरस मिमी, 16 च्या वर एमसीबी नको’. दोन शब्दांनी आग टळू शकते.

घरच्या डब्याचं हे काम दोघांत होतं. एकाने डब्यापाशी उभं राहून फक्त बाहेरचे खटके एकेक करून पाडायचे, आतल्या वायरांना हात लावायचा नाही. दुसऱ्याने खोल्यांतून फिरून काय बंद झालं ते ओरडून सांगायचं. आधी इन्व्हर्टर बंद करायला विसरू नका, नाहीतर त्याच्यावरचे दिवे-पंखे चालूच राहतील आणि नोंद चुकेल. साध्या मार्करची शाई उन्हा-धुळीत पुसट होते, त्यामुळे छापील पट्टी बरी. दाराच्या आत यादी लावा आणि खाली तारीख टाका. नंतर नवा पॉइंट काढला आणि यादी तशीच राहिली, तर कोरी पाटी परवडली. चुकीच्या नावावर विश्वास ठेवून माणूस वायरला हात घालतो, कोऱ्या खटक्यापुढे तो निदान टेस्टर तरी काढतो.