क्रॉसकटिंग आणि पॅरलल एडिटिंग एकच का?

दोन सीन आलटून पालटून दाखवले की कुणी त्याला क्रॉसकटिंग म्हणतं, कुणी पॅरलल एडिटिंग, पुस्तकांतही बऱ्याचदा दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. पण एडिटला बसल्यावर दोन्हीची कामं वेगळी असतात, म्हणून मला हा फरक धरून ठेवावासा वाटतो.

क्रॉसकटिंगमध्ये दोन्हीकडे घड्याळ एकच. इकडे फाशीची तयारी, तिकडे माफीचा हुकूम घेऊन निघालेली गाडी, आणि आपला जीव टांगणीला की वेळेत पोचतील का. पॅरलल एडिटिंगला घड्याळ लागतच नाही, तिथे दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात त्या तुम्ही ताडून बघाव्यात म्हणून.

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या १९१६ च्या 'इन्टॉलरन्स'मध्ये तर दोन्ही सापडतात. बॅबिलोन, येशूचा काळ, १५७२ चं फ्रान्समधलं हत्याकांड आणि त्यावेळची अमेरिका, हे चार काळ एकमेकांत मिसळलेत, आता बॅबिलोनमधून कुणी अमेरिकेतल्या माणसाला सोडवायला येणार नाही ना, म्हणून ते पॅरलल. पण फाशी आणि गाडीचं वर सांगितलं ते त्याच अमेरिकेच्या गोष्टीतलं, आणि ते पक्कं क्रॉसकटिंग.

आणि प्रेक्षकाला याची किती सवय झालीय ते बघायचं तर 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) बघा. एफबीआयने घराला वेढा घातलाय, त्यांचा एक माणूस फुलं घेऊन आल्याचं दाखवत बेल दाबतो, कट, तळघरात बेल वाजते, खुनी वर येऊन दार उघडतो आणि दारात एकटी क्लॅरिस, एफबीआयची शिकाऊ एजंट! एफबीआयवाले भलत्याच, रिकाम्या घरात घुसलेले असतात. वेळ एक म्हणजे जागाही एकच असणार हे आपणच गृहीत धरलं, एडिटर क्रेग मॅकेने फक्त बेलचा आवाज जोडला. माझ्या मते या पद्धतीचा याहून हुशार वापर क्वचितच झालाय.

'द गॉडफादर'चा (१९७२) बाप्तिस्मा मात्र खरंच अवघड केस आहे. चर्चमधला विधी आणि बाहेरचे खून एकाच वेळी चाललेत, म्हणजे घड्याळ आहे, पण कुणी कुणाला वाचवायला धावत नाहीये, माफिया घराण्याचा नवा प्रमुख मायकल विधीत सैतानाला नाकारल्याचं बोलतोय आणि त्याच्याच हुकुमाने माणसं मरतायत, ऑर्गन दोन्हीकडे तसाच वाजत राहतो. वेळेत पोचतील का हा प्रश्नच तिथे पडत नाही, म्हणून मी तो सीन पॅरललमध्येच धरतो.