टेस्ट लागतील तेवढ्याच चालवा: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बिलाच्या कोडमधे एक ओळ बदलली तर लॉगिनच्या, रिपोर्टच्या, एसएमएसच्या सगळ्याच टेस्ट (प्रोग्राम नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) परत का चालवता, त्यात वेळ जातो आणि सर्व्हरचं भाडं आमच्या माथी, असं बरेच ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आता आपण बहुतेक प्रोजेक्टना फक्त संबंधित टेस्ट चालवायची सोय करून देतोय, ती चालते कशी आणि कुठे फसते ते इथे लिहितोय.

संबंधित टेस्ट शोधायचे मुख्य मार्ग दोन. जावास्क्रिप्टमधे जेस्ट हे टूल कोणती फाइल कोणाला इम्पोर्ट करते, म्हणजे वापरायला घेते, याचा नकाशा बनवतं आणि गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) विचारतं की मेन ब्रँचपेक्षा, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीपेक्षा, काय काय बदललंय, मग त्या फाइलपर्यंत थेट किंवा फिरून फिरून जाऊन पोचणाऱ्या टेस्टच चालतात. पायथॉनमधे पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलसाठी टेस्टमॉन नावाचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) आहे, ते पहिल्यांदा सगळ्या टेस्ट चालवून कुठली टेस्ट कोडच्या कुठल्या भागातून गेली याची नोंद एका छोट्या डेटाबेसमधे ठेवतं आणि पुढच्या वेळी त्या नोंदीवरून निवडतं, म्हणजे फाइल तीच असली तरी ज्या फंक्शनला हात लावलाय तिथून जाणाऱ्याच टेस्ट उचलतं. आम्हाला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो, कारण पहिल्यात सगळीकडे इम्पोर्ट होणारी एखादी युटिल्स फाइल (सगळ्यांना लागणाऱ्या छोट्या फंक्शनची) बदलली की जवळपास सगळ्याच टेस्ट चालतात आणि फायदा शून्य.

मोठ्या कंपन्या याच्याही पुढे गेल्यात. फेसबुकने २०१८ मधे मशीन लर्निंग लावून बदललेल्या कोडवर अवलंबून असलेल्या टेस्टपैकी एक तृतीयांशच चालवल्या, तरी ९९.९ टक्क्यांहून जास्त बिघडलेले बदल पकडले गेले असं त्यांनी जाहीर केलंय. पण त्यांच्याकडे शिकवायला डेटाचा ढीग होता, तुमच्या आमच्या प्रोजेक्टला ते झेपणारं नाही आणि लागतही नाही.

आता फसतं कुठे ते. ही टूल्स कोड बघतात, पण सगळं काही कोडमधे नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बऱ्याच वस्तू १२ वरून ५ वर आणि २८ वरून १८ वर आल्या. समजा तुमचे दर एका जेसन फाइलमधे (कोड नसलेली, नुसत्या माहितीची फाइल) आहेत आणि प्रोग्राम ती चालताना वाचतो. दर बदलले, पायथॉनची एक ओळही बदलली नाही, तर टेस्टमॉन म्हणणार काहीच बदललं नाही, एकही टेस्ट चालणार नाही आणि वर हिरवी टिक! दुकानात मात्र बिल चुकीचं. ईमेलचे टेम्पलेट, डेटाबेसचे मायग्रेशन (त्याच्या रचनेतले बदल), एन्व्हायर्नमेंटच्या सेटिंग, सगळ्यांची हीच गत. म्हणून अशा फाइलची यादी आम्ही हाताने बनवतो आणि त्यातल्या एकीला जरी धक्का लागला तरी सगळ्या टेस्ट चालतात. लायब्ररीचं व्हर्जन बदललं तरी तेच.

अजून एक बारीक गोष्ट, तुमचा डेव्हलपर स्वतः सेटअप करत असेल तर त्याला नक्की सांगा. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्समधे कोड उतरवायची जी नेहमीची पायरी असते ती आपणहून फक्त शेवटची एक कमिट (कोडची शेवटची नोंद) आणते, मागचा इतिहास आणतच नाही, मग मेन ब्रँचशी तुलना करणार कशाशी, त्यामुळे फेच डेप्थ ही सेटिंग शून्य ठेवावी लागते म्हणजे पूर्ण इतिहास येतो.

आमची पद्धत अशी: ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, काम चालू असताना निवडक टेस्ट, ते मेनमधे मर्ज करताना (मिसळताना) सगळ्या, आणि रोज रात्री परत एकदा सगळ्या. रात्रीचं बंद करून अजून पैसे वाचवा असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, निवड चुकली तर ते तिथेच कळतं. आणि तुमच्या सगळ्या टेस्ट मिळून दोन-तीन मिनिटांत संपत असतील तर हे काहीच करू नका, आम्हीही घेणार नाही ते काम.

सुरू करायच्या आधी तुमच्याकडून एकच गोष्ट लागेल, कोडच्या बाहेरून कायकाय वाचलं जातं त्याची माहिती: दरांच्या फाइल, एक्सेल, बिलाचे छापील फॉरमॅट, जे असेल ते. ऑफिसमधल्या ज्याला हे सगळं तोंडपाठ आहे त्याला अर्धा तास आमच्यासोबत बसवा.