इंग्लंडच्या पबमधली एल आणि अमेरिकेची क्राफ्ट बिअर

अमेरिकेची क्राफ्ट बिअर आपल्याकडच्या बिअरप्रेमींना चांगली परिचित आहे. 1978 साली तिथल्या संघीय कायद्याने घरी बिअर बनवण्यास मुभा दिली, 1980 साली कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा या ब्रुअरीची पेल एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) आली आणि पुढे छोट्या ब्रुअरींची ही क्राफ्ट बिअर जगभर पसरली; ती सहसा केगमधून, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपातून, वायूच्या दाबाने थंडगार येते. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत ग्लास भरतो तोही साधारण असाच. ही सवय घेऊन लंडनला गेलेला माणूस परतल्यावर ठामपणे सांगतो, की तिकडची बिअर कोमट आणि मचूळ असते. हे विधान चुकीचे आहे आणि ते वारंवार ऐकून मी खरोखर थकलो आहे.

केगमधली बिअर सहसा ब्रुअरीतच पूर्ण तयार होते. इंग्लंडच्या पबमधली पारंपरिक कास्क एल, म्हणजे वायूच्या दाबाशिवाय पिंपातून काढली जाणारी एल, मात्र पबच्या तळघरात पूर्ण होते. पिंप पबमध्ये येते तेव्हा त्यात जिवंत यीस्ट असते आणि आंबण्याची क्रिया चालूच असते. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या वरच्या बाजूला सच्छिद्र खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतो, गाळ तळाशी बसू देतो आणि मगच तोटी लावतो. (गाळ बसवण्यासाठी पूर्वापार माशाच्या वायुकोशापासून केलेला पदार्थ वापरतात, शाकाहारी मंडळींनी चौकशी करून घ्यावी.) बिअर हातपंपाने वर ओढली जाते आणि रिकाम्या जागेत हवा शिरते, म्हणून उघडलेले पिंप साधारण तीन दिवसांत संपवावे लागते. तिचे तापमान 11 ते 13 अंश असते, म्हणजे ती कोमट नसून तळघराइतकी गार असते; याहून थंड केली, तर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) सुवास दबतो. वायू कमी असतो, तोही हेतुपुरस्सर. तिला बर्फात ठेवलेला ग्लास मागणे मला अजिबात पटत नाही.

यामुळेच एकच एल एका पबमध्ये उत्तम आणि शेजारच्या पबमध्ये आंबूस लागू शकते. अमेरिकेत लोक ब्रुअरीचे नाव घेतात; इंग्लंडमधला जाणकार पबचे नाव घेतो. 1971 साली स्थापन झालेल्या कॅमरा या ग्राहक संघटनेने लढा दिला तो याच पद्धतीसाठी.

बाकीचे फरक किरकोळ आहेत: ब्रिटिश पिंट 568 मिलिलिटरचा, अमेरिकन 473 चा, टिप अमेरिकेत द्यावीच लागते, इंग्लंडच्या पबमध्ये काउंटरवर सहसा देत नाहीत. मित्रांनी आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणण्याची इंग्रजी रीत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. सुमारे 4 टक्के अल्कोहोलची बिटर (इंग्लंडची पारंपरिक कडसर एल) असल्यास ही रीत निभावते, 7 टक्क्यांच्या अमेरिकन आयपीएवर (अधिक कडवट एलवर) निभावणे कठीण. मला स्वतःला बिटरच प्रिय आहे.

लंडनला जाणाऱ्यांनी आठ हातपंप आणि चारच गिऱ्हाइके असलेल्या पबऐवजी दोनच पंपांचा, पण गजबजलेला पब निवडावा; तिथले पिंप बिघडण्याआधीच रिते होते.